बिल्डिंगच्या उतारावर कॅराव्हॅन उभी करताना

कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घेतली की ती घेऊन कुठे जावं, हे सुचवणारे पुष्कळ भेटतात. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हाही बोलणं झालं ते मुक्कामाच्या जागांबद्दल. पण वर्षातले बहुतेक दिवस ही गाडी घरापाशीच उभी राहणार असते, आणि मुंबईत घरापाशी सपाट जागा मिळणं कठीण. मलबार हिल, पाली हिल, पवई, घाटकोपरचं असल्फा इथे चढ जमिनीचाच आहे. बाकी ठिकाणी तो आपण तयार केलेला असतो. रस्ता डांबराच्या थरावर थर चढून वर येतो, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून सोसायटी कंपाउंड भरून उंच करते, आणि गेटपासून लॉबीपर्यंत उतार तयार होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी ज्याने पाहिलंय, तो कंपाउंड उंच करायला कधी विरोध करत नाही.

इथे मी मुख्यतः गाडीला जोडून ओढायच्या कॅराव्हॅनबद्दल लिहितो आहे. स्वतःचं इंजिन असलेल्या मोटर कॅराव्हॅनबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

ओढायच्या कॅराव्हॅनला इंजिन नाही, गिअर नाही. गाडीपासून सोडवली की तिला धरून ठेवायला फक्त तुम्ही लावलेल्या वस्तू उरतात. म्हणून माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: कॅराव्हॅन गाडीला जोडलेली असतानाच तिचं पूर्ण वजन पाचरींवर, म्हणजे चाकांना अडवायला लावलेल्या ठोकळ्यांवर, टाकून बघा, आणि पाचरी ते वजन पेलतात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कपलिंगला (गाडी आणि कॅराव्हॅन जोडणाऱ्या सांध्याला) हात लावू नका. पुढे जे काही सांगितलंय ते या एका परीक्षेच्या आधीची तयारी आणि नंतरची काळजी आहे.

आधी उतार मोजा

डोळ्यांना उतार नेहमी कमीच वाटतो. गवंड्याची एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल आणा. पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. फट ५ सेंटिमीटर असेल तर उतार २० ला १ (वीस लांबीला एक उंची). साधारण ८ सेंटिमीटर असेल तर १२ ला १, म्हणजे व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी मान्य असलेला उतार. १० सेंटिमीटर म्हणजे १० ला १. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा, कारण आपल्याकडचे उतार एकसारखे नसतात. गेटपाशी बहुधा एकदम तीव्र आणि आत आल्यावर सौम्य.

आता हिशेब करू. सामानासकट १२०० किलोची कॅराव्हॅन २० ला १ उतारावर साधारण ६० किलोच्या ओढीने खाली यायला बघते. १२ ला १ वर ही ओढ १०० किलो होते, १० ला १ वर १२० आणि ८ ला १ वर दीडशेच्या आसपास. सपाट रस्त्यावर चाकांचा स्वतःचा अडथळा पंधरा-वीस किलोचा असतो, म्हणून तिथे दोन माणसं कॅराव्हॅन सहज ढकलतात. त्यामुळेच फसगत होते. तीच दोन माणसं उतारावर तिला अडवू शकत नाहीत. वॉचमन आणि दोन ड्रायव्हर जमवून ‘जरा धरून ठेवा, मी पाचर लावतो’ असं कधीही म्हणू नका. पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर चप्पल घातलेला माणूस शंभर किलोची ओढ धरू शकत नाही, आणि तो उभा असतो नेमका उताराच्या बाजूला.

माझं मत सांगतो. २० ला १ पर्यंत बिनधास्त उभी करा, अर्थात खाली दिलेल्या क्रमाने. १२ ला १ पर्यंत चांगल्या पाचरी, चालू स्थितीतला ब्रेक आणि साखळी, तिन्ही असतील तरच. त्यापेक्षा तीव्र उतार असेल तर कायमची जागा म्हणून तो सोडून द्या आणि सपाट प्लॉट भाड्याने घ्या. पनवेल, कर्जत, वसईकडे अशी जागा शोधता येते. रोज डोक्याला घोर नको.

खाली काय आहे?

उतार मोजून झाला की उताराच्या पायथ्याशी उभे राहा आणि वर बघा. कॅराव्हॅन सुटली तर सरळ रेषेत कुठे येईल? मुंबईत उत्तर बहुतेक वेळा ‘गेटमधून थेट फुटपाथवर’ असंच येतं, आणि त्या फुटपाथवर शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं, भाजीवाली, डिलिव्हरीवाले, कोणी ना कोणी असतंच. जागा निवडायची मुभा असेल तर सुटलेली गाडी भिंतीला किंवा भक्कम कठड्याला अडेल अशी निवडा, भले मग ती लॉबीपासून लांब पडो.

मग जमिनीकडे बघा. जुन्या इमारतींच्या कंपाउंडखाली पाण्याची टाकी असते आणि तिची लोखंडी झाकणं उतारावरच असतात. ड्रेनेजच्या चेंबरचीही. या झाकणांवर ना चाक, ना जॉकी व्हील (कॅराव्हॅनचं तोंड टेकवायचं पुढचं लहान चाक), ना कोपऱ्याचा जॅक. टाकीचा स्लॅब नेमका कुठपर्यंत आहे हे सोसायटीच्या जुन्या प्लंबरला विचारा, त्याला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या छतावर, उभी करायची असेल तर स्लॅब किती भार घेतो हे कमिटीकडून लेखी घ्या. अग्निशमन दलाची गाडी जिथून आत यायची ती वाट अडवायची नाही, यावर तडजोड नको.

डोंगराच्या कुशीतल्या इमारतींसाठी आणखी एक: जुन्या संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी कॅराव्हॅन लावू नका. १ आणि २ जुलै २०१९ च्या मधल्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून किती माणसं गेली ते सगळ्यांना आठवत असेल. भिंतीतले पाणी जाण्याचे पाइप बुजलेले असतील, भिंत पोटातून फुगलेली दिसत असेल, तर तिथे कॅराव्हॅनच काय, स्कूटरही लावू नये.

पृष्ठभाग कसला आहे यावरही बरंच अवलंबून आहे. खोबणी मारलेलं काँक्रीट सगळ्यात चांगलं. पेव्हर ब्लॉकही चालतात, पण चाकाखाली ते हळूहळू खचतात. शहाबादी फरशी उतारावर नकोच. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिच्यावर हिरवं शेवाळ धरलं की पाचर आणि फरशी यांच्यात घर्षण असं काही राहतच नाही. नाइलाज असेल तर चाकं आणि पाचरी येतील तेवढा पट्टा छिन्नीचे घाव घालून खडबडीत करून घ्या, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला काथ्याच्या ब्रशने घासून काढा.

सामान

विटा, दगड, फुटका पेव्हर ब्लॉक यांना पाचर समजू नका. वीट भाराखाली फुटते आणि गोल दगड चाकाबरोबर गडगडतो. जाड रबरी पाचरी घ्या, मापाला चाकाच्या उंचीच्या साधारण पावपट. साठ सेंटिमीटर उंचीचं चाक असेल तर पंधरा सेंटिमीटरची पाचर. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानांत अशा वस्तू मिळतात, आणि तिथे हातात घेऊन वजन बघता येतं हा मोठा फायदा. पोकळ प्लास्टिकच्या हलक्या पाचरी दिसायला छान असतात, उतारावर त्यांचं काम नाही. एकूण चार हव्यात. दोन उताराच्या बाजूने दोन्ही चाकांना, दोन चढाच्या बाजूने. प्रत्येक पाचरीला हातभर नायलॉनची दोरी बांधून ठेवा. कशासाठी ते शेवटी कळेल.

त्याशिवाय जॉकी व्हीलखाली ठेवायला जाड सागवानी फळी किंवा ठोकळे, एक साखळी, दोन शॅकल (साखळीचं टोक अडकवायच्या लोखंडी कड्या), खडू आणि टॉर्च. शॅकल घेताना त्यावर किती भाराचा आहे ते कोरलेलं आहे ना हे बघा. काहीच कोरलेलं नसेल तर तो पडदे टांगायला ठेवा.

उलटी वर घ्यायची

कॅराव्हॅन सरळ पुढे ओढत वर नेली तर ओढणारी गाडी वरच्या बाजूला अडकते. म्हणून बहुतेक ठिकाणी रस्त्यावरून रिव्हर्समध्ये, कॅराव्हॅनची पाठ पुढे करून चढवावी लागते. म्हणजे उभी राहते तेव्हा कॅराव्हॅनचं तोंड, कपलिंगची बाजू, उताराकडे.

ही स्थिती ब्रेकच्या दृष्टीनेही बरी आहे. बऱ्याच चॅसींवर, म्हणजे कॅराव्हॅनच्या खालच्या लोखंडी सांगाड्यांवर, ओव्हररन ब्रेक असतो. पुढची गाडी थांबली की मागून कॅराव्हॅन रेटते, कपलिंगचा दांडा आत जातो आणि त्या दाबाने कॅराव्हॅनचे ब्रेक लागतात. रिव्हर्स घेताना हाच ब्रेक आडवा येऊ नये म्हणून ड्रमच्या आत सोय केलेली असते. चाक उलटं फिरलं की ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) ढिले पडतात. त्याचा परिणाम असा की हँडब्रेक ओढलेला असला तरी मागच्या दिशेला कॅराव्हॅन थोडी सरकते, मग स्प्रिंग लिव्हरला आणखी वर ओढते आणि तेव्हा कुठे ब्रेक धरतो. पुढच्या दिशेला तो लगेच धरतो. तोंड उताराकडे असलं की सरकण्याची दिशा पुढची, म्हणून ब्रेकची पकड चांगली. फक्त एक लक्षात ठेवा: रिव्हर्सने वर नेल्यावर शू अजून ढिलेच असतात. जागेवर पोचलात की गाडी वीतभर खाली, म्हणजे पुढे घ्या. शू परत जागेवर येतात. मगच हँडब्रेक.

हलक्या कॅराव्हॅनना मुळात ब्रेकच नसतो. तुमची तशी असेल तर वरचं सगळं विसरा आणि पाचरी व साखळी यांवर दुप्पट लक्ष द्या. अशी कॅराव्हॅन १२ ला १ च्या उतारावर मी तरी ठेवणार नाही.

रिव्हर्स घेताना मागे एकच माणूस सांगायला हवा. आपल्याकडे कॅराव्हॅन आली की बिल्डिंगमधले चार जण चार बाजूंनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला लागतात आणि नेमकं थांबायचं कुणाचं ऐकून ते कळत नाही. आधीच ठरवा: एकच जण बोलेल, तो ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असा उभा राहील, आणि तो दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. ‘बास’ म्हणजे ताबडतोब थांब. वॉचमनकाकांना गेटवर उभं करून रस्त्यावरची माणसं थोपवायला सांगा, ते काम त्यांना छान जमतं. मुलांची खेळायची वेळ टाळा. दुपारी दोन ते चारमध्ये कंपाउंड रिकामं असतं.

गटाराच्या जाळीपाशी जिथे रस्ता संपून उतार सुरू होतो, तिथे कॅराव्हॅनची शेपटी किंवा कपलिंगचा खालचा भाग घासतो. चाकांखाली दोन जाड फळ्या टाकून तो कोन मोडा, आणि अगदी हळू घ्या.

वजन पाचरींवर टाकणं

इथे घाई करायची नाही. जागेवर आलात, वीतभर पुढे घेऊन थांबलात, गाडीच्या फूटब्रेकवर पाय घट्ट आहे. इंजिन चालू. मदतनीस बाजूने येईल, उताराच्या बाजूने नाही, आणि कॅराव्हॅनच्या दोन्ही चाकांच्या उताराकडच्या अंगाला पाचर लावेल. पाचर चाकाच्या रुंदीच्या मध्यावर, सरळ, रबराला टेकलेली हवी. तिरकी बसली तर भार एका कोपऱ्यावर येतो आणि ती फिरून बाजूला निघते. दोन चाकं एकामागे एक असलेली कॅराव्हॅन असेल तर उताराकडच्या चाकाला पाचर आणि दोन चाकांच्या मधल्या जागेत आणखी एक.

मदतनीस बाजूला झाला आणि त्याने तसं मोठ्याने सांगितलं की गिअर न्यूट्रलला घ्या आणि फूटब्रेक हळूहळू सोडा. कॅराव्हॅन आणि गाडी दोन्ही मिळून एक-दोन सेंटिमीटर खाली येतील, टायर रबरावर चढल्यासारखा दाबला जाईल, पाचरीचं टोक जमिनीत रुतल्यासारखं दिसेल आणि हालचाल थांबेल. थांबायलाच हवी. आता पाचरींवर कॅराव्हॅनचाच नाही, तुमच्या गाडीचाही भार आहे. हे वजन ज्यांनी पेललं त्या पाचरी नुसती कॅराव्हॅन नक्की पेलतील. पाचर घसरत असेल, करकर आवाज करत पुढे सरकत असेल, तर लगेच फूटब्रेक दाबा, जमीन पुसा किंवा जागा बदला, आणि परत पहिल्यापासून.

आता खडू घ्या. टायरच्या बाजूवर वरून खाली एक रेघ ओढा आणि तीच रेघ तशीच जमिनीवर पुढे न्या. दुसऱ्या चाकालाही. चाक एक बोटभर फिरलं तरी रेघ तुटलेली दिसते. कॅराव्हॅन बरेच दिवस ठेवणार असाल तर खडूऐवजी ऑइल पेंटचा ठिपका द्या, पावसाने जात नाही. मग कॅराव्हॅनचा हँडब्रेक पूर्ण वर ओढा, लिव्हर जवळजवळ उभा होईपर्यंत. चढाच्या बाजूच्या दोन पाचरीही लावून टाका. दहा मिनिटं चहा घ्या. परत येऊन रेघा बघा. जुळत असतील तरच पुढे.

सोडवणं

क्रम पाळा. गाडीचा हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाका. जॉकी व्हील खाली घ्या, त्याच्याखाली फळी ठेवा आणि त्याचा क्लॅम्प घट्ट करा. विजेचा प्लग काढा. ब्रेकअवे केबल काढा. ही पातळ तार असते, प्रवासात कॅराव्हॅन सुटली तर ब्रेक ओढणारी. विसरून तशीच राहिली आणि गाडी पुढे नेली तर ती तुटते. मग कपलिंगचं हँडल उघडून जॉकी व्हीलचा दांडा फिरवत तोंड वर उचला, पण टो बॉलपासून (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कपलिंग बसतं त्यापासून) दोन बोटंच. तिथेच थांबा आणि बघा. कॅराव्हॅन हलली तर ती अजून बॉलवरच अडेल.

हलत नसेल तर आणखी उचला आणि गाडी अगदी हळू हातभर पुढे घ्या. पुन्हा थांबा. या वेळात गाडी आणि कॅराव्हॅन यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नाही, एक क्षणही नाही. राहिलेली पिशवी घ्यायला नाही, फळी सरळ करायला नाही. या एका फटीत माणूस सापडला तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

पातळी, पाणी, गॅस

कॅराव्हॅन नुसती ठेवायची आहे की आत झोपायचंही आहे, त्यावर पुढचं ठरतं. १० ला १ उतारावर चाकापासून जॉकी व्हील तीन मीटर लांब असेल तर कॅराव्हॅन सपाट करायला तोंड तीस सेंटिमीटर उचलावं लागतं. जॉकी व्हीलची तेवढी उंची बहुधा नसते, आणि ठोकळ्यांवर ठोकळे रचून ती गाठणं मला पटत नाही. उंच केलेलं जॉकी व्हील बाजूच्या धक्क्याने कलंडतं. नुसती ठेवायची असेल तर थोडी कललेली चालेल. मात्र गॅसवर चालणारा फ्रीज कललेल्या अवस्थेत चालू ठेवू नका. त्यातलं द्रव्य उतारानेच वाहत फिरतं, कलंडल्यावर ते अडतं आणि फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो.

कोपऱ्यांचे जॅक सगळ्यात शेवटी, कॅराव्हॅन पाचरींवर स्थिर झाल्यावर. ते आत चालताना होणारी डगडग थांबवायला आहेत. कॅराव्हॅन उचलायला नाहीत, आणि घसरण्यापासून अडवायला तर मुळीच नाहीत. जॅक खाली घातलेले असताना कॅराव्हॅन सरकली तर ते वाकतात आणि फरशीही उखडतात.

पाण्याची टाकी रिकामी करा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते उगाच कशाला पेलायचं? शिवाय साठलेल्या पाण्यात डास होतात आणि पालिकेची माणसं तपासणीला आली की प्रश्न येतो.

सिलिंडर कॅराव्हॅनमधून काढून ठेवा, ते शक्य नसेल तर रेग्युलेटर बंद करून काढून घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत राहतो आणि पाण्यासारखा उतार धरून खाली जातो. उताराच्या पायथ्याशी बेसमेंटचं तोंड, लिफ्टचा खड्डा किंवा मीटर रूम असेल तर तो तिथे साचणार. कॅराव्हॅनच्या फरशीलगतच्या जाळ्या याच गॅससाठी असतात. उंदीर येतात म्हणून त्या चिकटपट्टीने बंद करणारे लोक आहेत. तसं करू नका, बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवा.

साखळी

पाचर आणि ब्रेक ही पहिली दोन बंधनं, साखळी तिसरं. ती चढाच्या बाजूला काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी कडीला बांधा. कडी अँकर बोल्टने, जाड आरसीसीत बसवून घ्या. पेव्हर ब्लॉकमध्ये ठोकलेल्या कडीला अर्थ नाही, तो ब्लॉकच उपटून येईल. कंपाउंडची भिंत, गेटचा खांब, जिन्याची ग्रिल यांना साखळी बांधायची नाही. दुसरं टोक चॅसीच्या मुख्य लोखंडाला, बंपरला किंवा जॅकला नाही. साखळीत ढील अगदी थोडी ठेवा. फूटभर ढील असेल तर कॅराव्हॅन तेवढी धावते आणि मग झटका बसतो, आणि साखळ्या झटक्यानेच तुटतात.

चोरीसाठी कपलिंगचं कुलूप आणि चाकाचा क्लॅम्प वेगळे घ्या. क्लॅम्प हा पाचरीला पर्याय नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर उतारावर ठेवणार असाल तर चार गोष्टी. पाचरींच्या आजूबाजूला पाला, माती, प्लास्टिक साचून पाणी तुंबू देऊ नका. पाणी वाहतं तिथली वाळू पाचरीखालून धुऊन जाते आणि ती हळूहळू खिळखिळी होते. मुसळधार पावसानंतर टॉर्च घेऊन रंगाच्या खुणा तपासा.

महिनोन् महिने ओढून ठेवलेल्या हँडब्रेकचे शू ओलसर हवेत ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागेवर लोक म्हणूनच ब्रेक सोडून नुसत्या पाचरींवर ठेवतात. उतारावर ते करायचं नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा, कोरडा दिवस बघून, गाडी जोडा, ब्रेक सोडा, थोडी हलवा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून लावा. कटकटीचं आहे, पण टायरही एकाच जागी बसून चपटे होत नाहीत.

ताडपत्री घालत असाल तर ती चॅसीला चारही बाजूंनी आवळून बांधा. सैल ताडपत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाच्या वेळी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले होते. तसा इशारा असेल तर ताडपत्री काढून ठेवलेली बरी.

आणि छपरावरचं पाणी कुठल्या बाजूला जातं ते पहिल्याच पावसात बघा. तोंडाकडच्या खिडकीच्या रबराशी पाणी साचून राहत असेल तर रबर लगेच बदला.

मोटर कॅराव्हॅन असेल तर

हिचं काम सोपं आहे. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर. ऑटोमॅटिक असेल तर फूटब्रेक दाबून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग फूटब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या आणि शेवटी ‘पी’. आधी ‘पी’ टाकलात तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर येतं. पुढची चाकं भिंतीच्या बाजूला वळवून ठेवा. आणि पाचरी इथेही लावा. मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार चालक गाडीत नसताना ती आपोआप चालू लागणार नाही याची खबरदारी घेणं चालकाचं काम आहे, आणि तीन-साडेतीन टनांच्या गाडीला नुसता हँडब्रेक ही पुरेशी खबरदारी नाही.

निघताना

उभी करताना सगळे सावध असतात. निघताना सामान भरायची गडबड असते, पोरं आत चढून बसलेली असतात, आणि कुणीतरी मदत म्हणून पाचरी काढून ठेवतो. म्हणून घरात आणि वॉचमनला स्पष्ट सांगा: पाचरींना गाडीच्या ड्रायव्हरशिवाय कुणी हात लावायचा नाही. मुलांना आधी खाली उतरवा.

कोपऱ्याचे जॅक वर घ्या. गाडी मागे घेऊन कपलिंग बॉलवर बसवा. बसलं की नाही हे बघायला जॉकी व्हीलचा दांडा फिरवून तोंड उचला. गाडीची मागची बाजूही त्याबरोबर उचलली गेली तर कपलिंग पक्कं आहे. नुसतं तोंडच वर आलं तर ते बसलेलं नाही. ब्रेकअवे केबल, प्लग, जॉकी व्हील पूर्ण वर आणि क्लॅम्प घट्ट. साखळी सोडा. चढाकडच्या दोन पाचरी काढा. मग कॅराव्हॅनचा हँडब्रेक सोडा.

उताराकडच्या पाचरी आता भाराखाली दाबलेल्या असतात. त्यांना लाथ मारून किंवा हातोडीने काढायचं नाही. गाडीत बसून रिव्हर्समध्ये हळूच वीतभर वर रेटा आणि फूटब्रेकवर धरून ठेवा. टायर पाचरीवरून सुटतो. मदतनीस बाजूला उभा राहून दोरीने पाचर ओढून घेतो, त्याला चाकासमोर जावं लागत नाही. दोन्ही पाचरी हातात आल्या की तो त्या वर धरून दाखवेल. मगच उताराकडे निघा, पहिल्या गिअरमध्ये, आणि गेटच्या आत एकदा ब्रेक मारून कॅराव्हॅनचा ब्रेक लागतोय का ते बघून रस्त्यावर या.